शेपटीवरचं रक्त: माज आणि पाळी यांत गल्लत का होते

सकाळी कालवडीच्या शेपटीच्या गोंड्याला रक्त लागलेलं दिसतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "हिला पाळी आली." हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मादी आहे, वयात आली आहे, रक्त दिसतंय, मग दुसरं काय असणार? पण या समजुतीमुळे माणसं दोन प्रकारे फसतात. ज्यांनी परवाच रेतन करून घेतलंय ते 'गेलं वाया' म्हणून हळहळतात. ज्यांनी करून घेतलेलं नाही ते माज आता सुरू झाला असं समजून डॉक्टरांना बोलावतात. पहिल्यांची हळहळ विनाकारण असते आणि दुसऱ्यांची वेळ कधीच टळून गेलेली असते.

गाईला पाळी येत नाही. माज ही बीज सुटण्याच्या तोंडावरची अवस्था आहे. बाईला पाळी येते ती बीज सुटून, दोन आठवडे वाट पाहून, गर्भ राहिला नाही म्हणजे.

दोन्हींचा उगम मात्र एकच. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक थोड्या थोड्या वेळाने ठोक्यांसारखं सुटतं. ते खालच्या पियूषिका ग्रंथीला जागं करतं, पियूषिका एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं सोडते, आणि त्यांच्या जोरावर अंडाशयात पुटिका, म्हणजे बीज सांभाळणारी छोटी पिशवी, वाढून बीज पिकतं. या जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या आणि रॉजर गिय्मँ यांनी मेंढ्यांच्या मेंदूंमधून ते वेगळं काढलं होतं, आणि १९७७ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता. डुक्कर, मेंढी, गाय, बाई, सगळ्यांत हा रेणू तोच आहे. मला या विषयातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट हीच वाटते: हुकूम देणारा एकच, पण घराघरांत त्याचा अर्थ वेगळा.

पिकत चाललेली पुटिका इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते. एरवी इस्ट्रोजेन मेंदूला आवर घालतं, पण ते भरपूर वाढून टिकून राहिलं की उलटं होतं आणि एलएचची मोठी लाट उसळते. त्या लाटेने बीज सुटतं. इथपर्यंत गाय आणि बाई सारख्याच. गाईत मात्र तेच इस्ट्रोजेन मेंदूतल्या वर्तनाच्या केंद्रांवरही काम करतं. म्हणून ती हंबरते, चारा टाकते, दुसऱ्या गाईवर उडते आणि, याहून पक्की खूण म्हणजे, दुसरी अंगावर उडली तरी शांत उभी राहते. योनीतून काचेसारखा चिकट सोट, म्हणजे स्राव, लोंबतो. हे सगळं जेमतेम १२ ते १८ तास चालतं, देशी गाईत त्याहूनही कमी. बीज सुटतं ते माज ओसरल्यावर १० ते १२ तासांनी. 'सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा' हा नियम त्यावरूनच आला. म्हशीचा बाहेरून दिसणारा भाग फार पुसट, विशेषतः उन्हाळ्यात. आपण त्याला मुका माज म्हणतो, पण आत बीज मात्र सुटत असतं.

बाईच्या मेंदूत इच्छेला असं कुलूप नाही. तिची इच्छा ठरावीक तासांपुरती बांधलेली नसते, म्हणून बीज सुटण्याचा दिवस बाहेरून ओळखू येत नाही. तिच्या चक्रात डोळ्यांना दिसते ती पाळीच.

मग पाळीत रक्त का जातं? बीज सुटल्यावर रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवतो. बाईच्या गर्भाशयाचं अस्तर गर्भ आहे की नाही याची वाट न पाहता त्याच्यासाठी आधीच जाड आणि खास बनून बसतं. साधारण १४ दिवसांनी पीतपिंड विझतो, प्रोजेस्टेरॉन पडतं, अस्तरातल्या पिळदार रोहिणी आवळतात आणि अस्तर गळून पडतं. माणूस, वानर, आफ्रिका-आशियातली माकडं, काही वटवाघळं आणि आणखी मोजके प्राणी सोडले तर सस्तन प्राण्यांत हे घडतच नाही. गाईचं अस्तर गर्भाची चाहूल लागल्यावरच बदलतं, त्यामुळे गळायला काही नसतं.

हा फरक नीट पाहायचा तर दोन औषधं शेजारी ठेवा. घरात पूजा किंवा गणपती असले की बऱ्याच बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. या गोळ्या प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतात आणि बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिकडे गोठ्यात पशुवैद्यक गाईच्या योनीत प्रोजेस्टेरॉनचं साधन आठवडाभर बसवतात. ते काढलं की दोन-तीन दिवसांत गाय माजावर येते. युक्ती एकच, संप्रेरक एकच, दिवसही जवळजवळ तेवढेच, आणि निष्पत्ती अगदी वेगळी: बाईत रक्त, गाईत माज. कारण असं की गाईच्या अंडाशयात एकवीस दिवसांच्या चक्रात पुटिकांच्या दोन-तीन लाटा येत राहतात. प्रोजेस्टेरॉनचा दाब उठला की हाताशी जवळजवळ तयार असलेली एक पुटिका पुढे सरकते. बाईला तिथून नवी पुटिका पिकवायला सुमारे दोन आठवडे लागतात. पाळी हा त्या दोन आठवड्यांचा पहिला दिवस, म्हणून ती आणि बीज सुटणं एकमेकांपासून इतकी लांब पडतात.

पीतपिंड विझवतं कोण, यातही मोठी तफावत आहे. गाईत ते काम गर्भाशय करतं. गर्भ नाही असं दिसलं की ते प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडतं, आणि ते थेट शेजारच्या अंडाशयात पोहोचतं. गर्भाशय काढलं तर गाईचं चक्र थांबतं, पीतपिंड महिनोन्महिने तसाच राहतो. बाईत गर्भाशयाचा यात हात नाही. ते काढलं तर रक्त थांबतं, पण अंडाशय शाबूत असतील तर चक्र आत चालूच राहतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया चर्चेत आल्या, तेव्हा हा फरक मला फार बोचला. पाळीच्या रजेपायी मजुरी बुडू नये म्हणून अवयव काढायचा, आणि सोबत अंडाशयही गेले तर तिशीतच संप्रेरकं बंद होऊन हाडं ठिसूळ व्हायला लागायची. ही किंमत त्यांना कुणी आधी नीट समजावून सांगायला हवी होती.

गर्भ राहिला तर तो स्वतःची खबर देतो. बाईत ती खबर म्हणजे एचसीजी हे संप्रेरक, जे लघवीच्या पट्टीवर दिसतं. गाईचा गर्भ वेगळंच प्रथिन पाठवून गर्भाशयाला गप्प बसवतो. त्यामुळे बायकांची पट्टी गाईला चालत नाही.

या गल्लतीत शास्त्रज्ञही सापडले होते, आणि त्याला कुत्रीचं रक्त कारणीभूत ठरलं. कुत्रीला रक्त जातं ते माजाच्या आधी, इस्ट्रोजेन चढत असताना, आणि मग ती नराला जवळ करते. १८४३ मध्ये थिओडोर बिशॉफ यांनी दाखवलं की कुत्रीत बीज आपोआप, माजाच्या वेळी सुटतं. ते खरं होतं. पण त्यावरून बाईची पाळी म्हणजेच माज, असा निष्कर्ष निघाला आणि पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेचे मानले गेले. १९२० च्या दशकात जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की बीज पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटतं. तोवर कित्येक जोडपी चुकीचे दिवस मोजत राहिली.

वयात येतानाही दोघींची सुरुवात उलट्या टोकांनी होते. कालवडीत वजन भरत आलं की मेंदूचा इस्ट्रोजेनला बिचकण्याचा स्वभाव सैल होतो आणि जीएनआरएचचे ठोके वाढतात. म्हणूनच संकरित कालवड वयापेक्षा वजनावर, साधारण २५० किलोवर, भरवायला सांगतात. पण पहिल्यांदा बीज सुटतं तेव्हा बहुधा माज दिसतच नाही, कारण माजासाठी मेंदूला आधी प्रोजेस्टेरॉनची चव लागलेली असावी लागते. मुलीत उलट: ठोके आधी रात्री झोपेत वाढतात, पाळी सुरू होते, पण पहिली एक-दोन वर्षं कित्येकदा बीज न सुटताच रक्त जातं. एकीत बीज आहे पण खूण नाही, दुसरीत खूण आहे पण बीज नाही. मुलीची पाळी तेव्हा अनियमित असली तर आयांनी लगेच घाबरू नये ते यासाठीच. फार जास्त रक्त जात असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्यावं.

आता शेपटीवरचं ते रक्त. माज संपल्यावर इस्ट्रोजेन एकदम उतरतं, अस्तरातल्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि एक ते तीन दिवसांत थोडं रक्त येतं. कालवडीत ते जास्त दिसतं. गर्भ राहिला की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे ते 'माज होऊन गेला' एवढंच सांगतं. रेतन केलं असेल तर काळजी सोडा. केलं नसेल तर दिवाळखोरी झाल्यासारखं कपाळाला हात लावू नका. कॅलेंडरवर तारीख लिहा आणि १६ व्या दिवसापासून पहाटे आणि संध्याकाळी तिच्यावर नजर ठेवा. पुढचा माज बहुधा १८ ते २० दिवसांच्या आसपास येईल.