साठ दिवस उलटले म्हणजे अपील संपलं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरणारा निरोप म्हणतो: सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर ६० दिवसांत अपील केलं नाही, तर निर्दोष माणूसही कायमचा अडकला. हे खरं नाही.

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत एरवी ६० दिवस आहे, पण नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यात धरत नाहीत. निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेवर पाहा: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, या तारखा तिथेच असतात. तरीही उशीर झाला, तर मुदत कायदा १९६३, कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. नुसतं 'गरिबी' लिहून भागत नाही. उशिराचं कारण तारखेनिशी मांडावं लागतं: उदाहरणार्थ, अपिलासाठी धावपळ करणारा भाऊ बोटीवर होता, तर तो बंदरात कधी परतला. माफी हक्काची नाही, म्हणून घाई कराच. तुरुंगातला माणूस तुरुंगाधिकाऱ्याकडेही अपील देऊ शकतो, आणि त्याला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.