गुरुत्वाकर्षणाचे मोबाइल खेळ

ग्रह, उपग्रह आणि अवकाशयाने यांची गती गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने मोजून पडद्यावर दाखवणारे व त्या गतीची सूत्रे खेळणाऱ्याच्या हाती देणारे शैक्षणिक खेळ. इंजिन बंद होताच यान जागच्या जागी थांबत असेल, तर तो खेळ अवकाशाचा म्हणवत असला तरी या वर्गात मोडत नाही.

यांचे मूळ मोबाइलपेक्षा बरेच जुने आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटी या संस्थेत तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’ या संगणक-खेळात मधला तारा यानांना ओढून घेत असे. १९६९ मध्ये एका शाळकरी मुलाने चंद्रावर उतरण्याचा खेळ लिहिला. त्यात चित्र नव्हतेच, इंधन किती जाळायचे एवढा आकडा टाकायचा. आज ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’मध्ये फोनवर रॉकेट जोडून उडवता येते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील ग्रहकक्षांचे प्रात्यक्षिक ब्राउझरमध्ये चालते. त्यात गुरुत्वाकर्षण बंद केले की ग्रह सरळ रेषेत निघून जातो.

आतला हिशेब दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते. खेळ क्षणाक्षणाला ही ओढ काढतो, तिने वेग बदलतो आणि वेगाने जागा. मात्र हे क्षण मोठे धरले आणि पद्धत ढोबळ असली, तर चुका साचत जातात व चांगला फिरणारा चंद्र हळूहळू बाहेर सरकतो. ही चूक निसर्गाची नव्हे, गणिताची. शिक्षकाने ती मुलांना मुद्दाम दाखवावी.

खानदेशात हा विषय समजवायला गोफण पुरते. बाजरीच्या शेतात पाखरे हाकताना दोरीचे एक टोक सुटले की दगड वर्तुळ सोडून सरळ जातो, हे इथल्या पोरांनी पाहिलेले असते. दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण मानले की अर्धे काम झाले. फरक एवढाच की इथे ओढ दिसत नाही, म्हणून ‘चांद खाले काबरं पडत नही?’ (चंद्र खाली का पडत नाही?) हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर बोटाला मिळते. पडद्यावर पृथ्वीजवळ ठिपका ठेवून बोटाने आडवा ढकलला आणि वेग कमी पडला, तर तो जमिनीवर आदळतो. हवा नाही असे धरले, तर पृष्ठभागालगत सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर वेगाला तो फिरत राहतो, ११.२ किलोमीटरला कायमचा निघून जातो. फिरणारा ठिपकाही पडतच असतो, पण जमीन दर वेळी त्याच्याखालून वळून जाते. चार-पाच वेळा ठिपका आदळल्यावर मुलाला हे जे कळते, ते फळ्यावरच्या आकृतीने क्वचितच कळते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अवकाश स्थानकातले अंतराळवीर तरंगतात, तरी तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते, हेही मग पटते.

चांद्रयान-३ ने जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये लांबची वाट का धरली, तेही असेच खेळून उमगते. कक्षेच्या पृथ्वीजवळच्या टोकाशी इंजिन चालवले की लांबचे टोक आणखी लांब जाते. असे टप्प्याटप्प्याने केले की लहान रॉकेटलाही चंद्र गाठता येतो.

उणीव आहे ती प्रमाणाची. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या संगणकावरच्या प्रसिद्ध खेळात मूळ ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर आहे, पृथ्वीची सुमारे ६,३७१. खेळ आटोपता राहावा म्हणून हे केलेले असते, पण मुलाच्या मनात तेच अंतर घर करते.

खानदेशातल्याच चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे बाराव्या शतकातील गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि म्हणून ती वस्तू पडल्यासारखी भासते, असे म्हटले आहे. न्यूटनचा गणिती नियम १६८७ चा. दोन्हींत फरक आहे आणि तो झाकू नये. पण पाटणला सहल नेणाऱ्या शाळेने तो श्लोक वाचून तिथेच फोनवर ठिपका फिरवून पाहावा.