माणूस एका देशात, कायदा दुसऱ्या देशाचा

जॉर्ज बोवी ग्लासगोत जन्मला, १८९२ साली भावाच्या जिवावर राहायला लिव्हरपूलला गेला आणि १९२७ साली तिथेच वारला. मधल्या पस्तीस वर्षांत स्कॉटलंडला परत जायचं त्याने नाव काढलं नाही. आईच्या अंत्यविधीलाही गेला नाही. स्वतःच्या दफनाची सोयसुद्धा त्याने लिव्हरपुलातच करून ठेवली होती. मागे त्याचं मृत्युपत्र निघालं, ते स्कॉटलंडच्या कायद्याने वैध आणि इंग्लंडच्या कायद्याने नमुन्यातच बाद. कज्जा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९३० साली निकाल आला: कायद्याच्या नजरेत बोवी अखेरपर्यंत स्कॉटलंडचाच होता. लिव्हरपुलात तो राहिला खरा, पण तिथला झाला, याचा पुरेसा पुरावा नव्हता.

निकाल ऐकून हसू येतं, पण त्यामागचा प्रश्न जुना आणि चिवट आहे. माणूस जन्मला एकीकडे, लग्न केलं दुसरीकडे, घर घेतलं तिसरीकडे. लग्न वैध की अवैध, मूल कोणाकडे राहणार, घर कोणाला जाणार, हे नेमक्या कोणत्या देशाच्या कायद्याने ठरवायचं? या विषयाला खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. नाव जरा फसवं आहे. सगळ्या देशांना मिळून लागू होईल असा एकच कायदा कुठेही लिहिलेला नाही. प्रत्येक देशाने परक्या कायद्याला आपल्या कोर्टात कधी शिरकाव द्यायचा याचे आपापले नियम केले आहेत. माणसाला कायद्याशी बांधणारा धागा कोणता, यावर हा सगळा वाद चालतो. तो धागा आजवर अनेकदा बदलला आणि दर वेळी त्यात कोणाची ना कोणाची सोय होती.

सर्वात जुन्या उत्तरांपैकी एक इजिप्तमधलं आहे. तिथे ग्रीक राज्यकर्ते आणि इजिप्ती प्रजा यांची न्यायालयं वेगळी होती. इसवी सनपूर्व ११८ मधल्या एका राजाज्ञेने दोन्ही समाजांमधल्या करारांचा प्रश्न सोडवला तो भाषेवरून: दस्त ग्रीकमध्ये असेल तर ग्रीक न्यायाधीशांकडे, इजिप्ती भाषेत असेल तर देशी न्यायाधीशांकडे. माणूस कोण आहे हे विचारण्यापेक्षा कागद पाहावा, हा विचार आजही ताजा वाटतो. रोमने वेगळी वाट धरली. परदेशी लोकांच्या वादांसाठी इसवी सनपूर्व २४२ च्या सुमारास स्वतंत्र न्यायाधिकारी नेमला आणि सगळ्यांना चालेल असा व्यवहाराचा कायदा हळूहळू घडवला. पुढे इसवी सन २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या बहुतेक सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व देऊन टाकलं, आणि प्रश्नाची धारच गेली.

रोमची सत्ता कोसळल्यावर पश्चिम युरोपात कायदा माणसाच्या रक्ताबरोबर फिरू लागला. फ्रँक, लोम्बार्ड या तिथे येऊन राज्य करणाऱ्या जर्मानिक टोळ्या. फ्रँक माणसाला फ्रँकांचा कायदा, लोम्बार्डाला लोम्बार्डांचा, जुन्या रोमन प्रजेला रोमन. नवव्या शतकाच्या सुरुवातीला लिओंचा बिशप आगोबार्ड याने तक्रार केली होती की पाच माणसं एकत्र बसली तर त्यांतल्या कोणा दोघांचाही कायदा एक नसतो. इटलीतल्या दस्तांमध्ये सुरुवातीलाच पक्षकार जाहीर करत, की मी अमुक कायद्याने राहणारा. बायकांच्या दस्तांत एक जास्तीचं वाक्य येई: मी जन्माने लोम्बार्ड कायद्याची, पण आता नवऱ्यामुळे फ्रँक कायद्याने राहते. हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण हजार वर्षांनंतरही ते कायद्यात वेगवेगळ्या वेषांत सापडतं.

लोक एकमेकांत मिसळले, रक्तावरून कायदा ओळखणं अशक्य झालं आणि धागा रक्ताकडून जागेकडे सरकला. उत्तर इटलीतल्या प्रत्येक शहराने आपले नियम केले, आणि व्यापारी तर रोज या शहरातून त्या शहरात जाणारे. बोलोन्याच्या माणसावर मोदेनात दावा लावला तर मोदेनाचे नियम त्याला लागू होतात का? तेराव्या शतकात अक्कुर्सियुस या भाष्यकाराने नाही असं उत्तर दिलं, कारण तो मोदेनाचा प्रजाजन नाही. गंमत अशी, की हे भाष्य रोमन कायद्याच्या ज्या वचनावर बेतलं ते सम्राटाच्या प्रजेने कोणता ख्रिस्ती पंथ पाळावा याबद्दलचं आहे. वचनात ‘आमच्या सत्तेखालील सर्व लोक’ असे शब्द होते. म्हणजे सत्तेखाली नसलेल्यांना सम्राटही बांधू शकत नाही, असा अर्थ काढून पंडितांनी त्या खुंटीवर एक अख्खं शास्त्र टांगलं.

या शास्त्राचा सर्वात मोठा पंडित बार्तोलुस, पेरुजाचा अध्यापक. जन्म १३१३, मृत्यू १३५७. त्याने नियमांचे दोन गट पाडले: माणसाबद्दलचे नियम माणसाबरोबर जातात, वस्तूबद्दलचे वस्तूपाशी राहतात. मग त्याने इंग्लंडचं उदाहरण घेतलं. तिथल्या रूढीप्रमाणे सगळी जमीन थोरल्या मुलाला. इंग्रज माणसाची इटलीतही जमीन असेल तर? बार्तोलुस म्हणाला, नियमाचे शब्द बघा. ‘मृताची मालमत्ता थोरल्याकडे जावी’ असं लिहिलं असेल तर नियम मालमत्तेचा; ‘थोरल्याने वारस व्हावं’ असं असेल तर माणसाचा. वाक्यात कोण आधी आला यावर जमिनीचा निकाल! पुढच्या विद्वानांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. मला मात्र त्याची बाजू घ्यावीशी वाटते. नियम माणसाचा की मालमत्तेचा, हे ठरवायची खात्रीची पद्धत त्यानंतरही कोणाला फारशी सापडलेली नाही.

फ्रान्समध्ये प्रांताप्रांताची रूढी वेगळी होती. पॅरिसमध्ये नवरा-बायकोची मिळकत सामायिक, लिओंच्या बाजूला तशी नाही. पॅरिसमध्ये लग्न करून तिथेच राहिलेल्या द गाने दांपत्याची जमीन लिओंकडेही होती. १५२५ साली शार्ल द्युमुलँ या वकिलाने सल्ला दिला, की लग्न करून जिथे संसार थाटला तिथला कायदा नवरा-बायकोने न बोलता मान्य केला असं धरावं, आणि तो सगळ्या मालमत्तेला लावावा. पक्षकारांनी आपला कायदा आपण निवडावा या कल्पनेची मुळं अनेक जण इथे शोधतात. ब्रिटनी प्रांताच्या दार्जांत्रे या कायदेपंडिताला हे अजिबात पटलं नाही. आपल्या प्रांतातल्या जमिनीवर पॅरिसचा कायदा का चालावा? त्याच्या लेखी जवळजवळ प्रत्येक नियम जमिनीचा होता. स्थावर मालमत्ता जागेच्या कायद्याने आणि जंगम मालकाच्या कायद्याने, ही विभागणी याच काळातल्या वादांतून पक्की होत गेली. जंगम मालमत्ता मालकाच्या हाडांना चिकटलेली असते, असं लॅटिन वचन तेव्हा प्रचलित होतं.

तोवर कोणी मुळातला प्रश्न विचारला नव्हता: सार्वभौम राज्याने परक्याचा कायदा पाळावाच का? तो विचारला नुकत्याच स्वतंत्र झालेल्या डच प्रांतांनी. फ्रीसलंडचा उल्रिक ह्यूबर याने १६८९ साली मोजक्याच पानांत उत्तर लिहिलं. प्रत्येक राज्याचा कायदा त्याच्या हद्दीत चालतो. हद्दीत असलेला प्रत्येक जण, कायमचा असो की वाटसरू, त्याखाली येतो. आणि दुसरीकडे मिळालेले हक्क राज्यकर्ते सौजन्य म्हणून मानतात, मात्र त्याने आपली सत्ता किंवा आपली प्रजा यांना बाधा येता कामा नये. एवढ्याशा लेखाने इंग्लंड आणि अमेरिकेच्या कोर्टांवर जेवढा प्रभाव पाडला तेवढा जाडजूड ग्रंथांना जमला नाही. स्कॉटलंडचे विद्यार्थी कायदा शिकायला हॉलंडला जात, तिथून ते विचार ब्रिटनमध्ये आले आणि अठराव्या शतकात इंग्लंडचा सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डच्या निकालांत उतरले.

सौजन्य कुठपर्यंत चालतं हे लग्नांच्या खटल्यांत छान दिसतं. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्यांना आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करणं अवघड केलं. मग पळून जाणारी जोडपी सरहद्द ओलांडून स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीन गावी जाऊ लागली, कारण तिथे साक्षीदारांसमोर कबुली दिली की लग्न लागलं. इंग्लंडच्या कोर्टांनी ही लग्नं मानली: लग्नाचा विधी जिथे झाला तिथल्या रीतीचा. पण मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न करायला इंग्लंडमध्ये बंदी होती. एका इंग्रज विधुराने १८५० साली मेहुणीला घेऊन तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे असलेलं हॅम्बुर्गजवळचं वांड्सबेक गाठलं आणि तिथे तिच्याशी लग्न केलं. तिथे ते पूर्ण कायदेशीर होतं. १८६१ साली ब्रुक विरुद्ध ब्रुक या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ते रद्दबातल ठरवलं. विधी परक्या गावचा चालेल, पण कोणी कोणाशी लग्न करावं हे घरचाच कायदा ठरवणार. पुढे १९०७ मध्ये इंग्लंडने ती बंदीच उठवली.

एकोणिसाव्या शतकात वाट दुभंगली. जर्मन पंडित साविन्यी याने १८४९ मध्ये मांडलं, की प्रत्येक कायदेशीर नात्याचं एक स्वाभाविक ठाणं असतं, ते शोधा, मग खटला कुठेही चालो, निकाल एकच लागेल. माणसाचं ठाणं म्हणजे त्याचा अधिवास, कायद्याच्या नजरेत त्याचं कायमचं घर. दोनच वर्षांनी तूरिनमध्ये मान्चिनी या इटालियन कायदेपंडिताने व्याख्यान दिलं: माणसाचा कायदा म्हणजे त्याच्या राष्ट्राचा कायदा. इटली नावाचं राज्य तेव्हा अस्तित्वातही नव्हतं! १८६५ च्या इटालियन संहितेत हे तत्त्व आलं. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेने तर आधीच म्हटलं होतं, की फ्रेंच माणसाचा दर्जा आणि पात्रता यांचे नियम त्याच्यामागे परदेशातही जातात. ज्या देशांतून माणसं बाहेर जात होती त्यांना नागरिकत्वाचा धागा सोयीचा होता, गेलेला माणूस आपलाच राहतो. ज्यांच्याकडे माणसं येत होती त्या अमेरिकेसारख्या देशांना अधिवास सोयीचा. ब्रिटनची अडचण आणखी निराळी: नागरिकत्व एक, पण इंग्लंडचा कायदा वेगळा, स्कॉटलंडचा वेगळा, वसाहतींचे वेगळेच.

दोन पद्धती समोरासमोर आल्या की टोलवाटोलवी होते. फोर्गो नावाचा बव्हेरियात जन्मलेला अनौरस मुलगा लहानपणीच फ्रान्समध्ये आला आणि १८६९ मध्ये पो या गावी मृत्युपत्र न करता वारला. मागे जंगम मालमत्ता होती. फ्रान्समधल्या अधिवासाची औपचारिक परवानगी त्याने कधी घेतलेली नव्हती, म्हणून फ्रेंच नियमाने त्याला बव्हेरियाचा कायदा लागू झाला. त्या कायद्याने आईकडच्या नातेवाइकांना वारसा मिळाला असता. पण बव्हेरियाचा नियम म्हणत होता, की माणूस प्रत्यक्षात राहिला तिथला कायदा लावा, म्हणजे फ्रान्सचा. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने चेंडू आनंदाने झेलला. फ्रेंच कायद्याप्रमाणे त्या नातेवाइकांना काहीच मिळत नव्हतं, आणि मालमत्ता गेली फ्रेंच सरकारच्या तिजोरीत. या तत्त्वाला रेन्व्हॉय म्हणतात आणि त्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले आहेत. पैसा कोणाला मिळाला हे मात्र त्यांत बहुधा एका ओळीत उरकलेलं असतं.

धागा अधिवासाचा असो की नागरिकत्वाचा, बायकोचा स्वतःचा धागा नव्हताच. लग्नाबरोबर तिला नवऱ्याचा अधिवास चिकटे. एका स्कॉटिश बाईचा नवरा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला निघून गेला आणि तिथे त्याने दुसरं लग्नही केलं. ती स्कॉटलंडमध्येच राहिली, पण तिच्या मृत्यूनंतर १९२० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तिचा अधिवास क्वीन्सलँडचा ठरवला. कॅनडात एका बाईला कोर्टाकडून न्यायिक विभक्तता, म्हणजे घटस्फोट न होता वेगळं राहायची मुभा मिळालेली होती. तरी नवऱ्याचा अधिवास ओंटारिओचा म्हणून अल्बर्टाच्या कोर्टात तिला घटस्फोट मागता येणार नाही, असं १९२६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं. नागरिकत्वाच्या बाजूलाही तेच. अमेरिकेच्या १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या बाईचं अमेरिकन नागरिकत्व जाई. ब्रिटनमध्ये पत्नीला स्वतंत्र अधिवास १९७३ च्या कायद्याने मिळाला, तो १९७४ पासून. नवरा-बायकोच्या मालमत्तेला नवऱ्याच्या देशाचा कायदा लावणारा जर्मनीतला नियम तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. हे सगळं अगदी कालपरवाचं आहे.

दरम्यान देशांनी एकत्र बसून नियम जुळवायचा प्रयत्न चालवला होता. डच कायदेपंडित टोबियस आसर याच्या पुढाकाराने १८९३ मध्ये हेगला १३ देशांची परिषद भरली. १९११ चं शांततेचं नोबेल त्याला विभागून मिळालं. १९०२ च्या करारांनी विवाह, घटस्फोट आणि पालकत्व या बाबी नागरिकत्वाला जोडल्या. माणसं जागची हलली की हे उत्तर कसं तोकडं पडतं ते एका मुलीच्या प्रकरणात दिसलं. मुलगी डच नागरिक, राहणारी स्वीडनमध्ये. पालकत्वाच्या करारानुसार डच कायदा लागू, पण स्वीडनच्या बालकल्याण अधिकाऱ्यांनी तिला आपल्या देखरेखीखाली घेतलं. नेदरलँड्सने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि १९५८ मध्ये तो हरला. पुढच्या हेग करारांनी मुलांच्या बाबतीत भर दिला तो मूल नेहमी राहतं त्या जागेवर. १९८० च्या अपहृत मुलांविषयीच्या कराराचाही तोच पाया: पालकांपैकी एकाने मूल परस्पर परदेशात नेलं तर आधी त्याला नेहमीच्या राहत्या देशात परत आणायचं, ताबा कोणाला हे तिथलं कोर्ट ठरवेल. मृत्युपत्रांच्या नमुन्याबद्दल १९६१ चा करार तर कमालीचा उदार आहे. जिथे लिहिलं तिथला, नागरिकत्वाचा, अधिवासाचा किंवा नेहमीच्या राहण्याचा, यांपैकी कोणत्याही एका कायद्यात ते बसलं तरी पुरे; स्थावरासाठी ती जमीन जिथे आहे तिथला कायदाही चालतो.

युरोपीय संघाने वारशासाठी १७ ऑगस्ट २०१५ पासून स्थावर-जंगम असा भेद सोडून दिला. शेवटी नेहमीचं राहणं जिथे होतं तिथला एकच कायदा सगळ्या मालमत्तेला लागतो. मात्र हयातीत आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडून ठेवायची मुभाही आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड या नियमाबाहेर आहेत. इंग्लंडमध्ये अजून जुनीच विभागणी चालते, त्यामुळे एकाच मृताच्या बँकखात्याचा निकाल एका देशाच्या कायद्याने आणि घराचा दुसऱ्या देशाच्या कायद्याने लागू शकतो. आणि अधिवास ठरवताना तिथली कोर्टं आजही बोवीचा खटला काढून वाचतात.