धर्मशाळा (बेळगाव सीमाभाग)

धर्मशाळा : वाटसरू, यात्रेकरू व गाडीवान यांना फुकट उतरता यावे म्हणून पुण्यकर्म समजून बांधलेली जागा आणि तिच्याभोवतीचे मोकळे आवार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या पट्ट्यात मराठी माणूस तिला धर्मशाळाच म्हणतो. कानडीत ‘छत्र’ हा शब्द आहे, आणि सीमेवरच्या गावांत दोन्ही शब्द चालतात. साहेबलोकांसाठी बांधलेला सरकारी बंगला हा निराळा प्रकार. त्याच्या पाटीवर कानडीत ‘प्रवासी मंदिर’ असते, गाव मात्र त्याला ‘आयबी’ (इन्स्पेक्शन बंगला) म्हणते. ‘ही काय धर्मशाळा आहे का?’ असे आपण घरातल्या वर्दळीला त्रासून म्हणतो. पण कुणीही यावे, रात्र काढावी आणि सकाळी निघावे हेच धर्मशाळेचे व्रत होते. हा ‘कुणीही’ म्हणजे नेमका कोण, या प्रश्नाभोवतीच तिचा पुढचा बराचसा इतिहास फिरतो.

धर्मशाळेची जागा बैल ठरवत. भरलेली गाडी दिवसाकाठी पाच-सात कोस जाई, त्या बेताने मुक्काम पडत. पुणे-बंगळूर रस्ता, वेंगुर्ले बंदरातून आंबोली घाट चढून बेळगावात येणारी वाट, आणि देवस्थानांकडे जाणारे रस्ते या तीन प्रकारच्या वाटांवर त्या उभ्या राहिल्या. मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्या, माघातच चिंचलीच्या मायाक्काला निघालेले धनगर, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर गाठणाऱ्या दिंड्या हे तिचे हक्काचे पाहुणे.

बांधणी साधी असे. तीन किंवा पाच खणांची लांब ओसरी, पुढून उघडी, मागे एखाद-दुसरी खोली. खानापूरकडे भिंती जांभ्या चिऱ्याच्या, निपाणी-चिकोडीकडे काळ्या दगडाच्या. वर आधी नळीची कौले, पुढे मंगळुरी. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना चांगली, त्यामुळे त्या बाजूला कौल लांबून आणावे लागत नसे. जुन्या ओसरीत आजही नीट पाहिले तर भिंतीतल्या देवळीखाली तेलाचा काळपट ओघळ दिसतो, खांबाला पाठ टेकून टेकून आलेली गुळगुळीत चकाकी दिसते आणि कोपऱ्यात चुलीच्या तीन दगडांमागची भिंत काजळलेली असते. हे डाग कुणी घासून काढू नयेत. दारावर शिळा असेल तर तिच्यावर शक कोरलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो.

इमारतीपेक्षा आवार मोठे आणि माझ्या मते महत्त्वाचेही. बैल सोडायला पटांगण, बांधायला कड्या, पाणी पाजायला दगडी डोण, विहीर, सावलीला वड किंवा चिंच. एवढे असले की छप्पर गळके असले तरी मुक्काम होई. छप्पर शाबूत पण विहीर आटलेली, अशा ठिकाणी कुणी गाडी सोडत नसे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन झाले, तेव्हाही ‘विजयनगर’ नावाच्या तंबूंच्या गावासाठी आधी विहीर खणावी लागली. तंबू गेले, पण ‘पंपा सरोवर’ नावाची ती विहीर अजून आहे.

देखभालीसाठी इनाम जमीन, दात्याने ठेवलेली रक्कम किंवा गल्लीच्या पंचांची वर्गणी असे. भांड्यांचा साठाही धर्मशाळेचाच : मोठी पितळी पातेली, परात, झारे, वर दात्याचे नाव ठोकलेले. लग्नकार्यात गाव तीच भांडी नेई.

पण दार सर्वांना उघडे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसाला ओसरीवर जागा नसे. विहिरीवर तर नाहीच. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पाणवठ्यांची आठवण महाडमुळे सर्वांना राहिली. त्याच ठरावात धर्मशाळाही होती, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. १९२५ च्या एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, तीही पुणे-बंगळूर रस्त्यावरच्याच गावात. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना हे शब्द नाव घेऊन आले आहेत. कुठल्याही जुन्या धर्मशाळेचा गौरव करताना हे पान वगळले तर तो गौरव खोटा ठरेल.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस बेळगावला रेल्वे आली आणि माल मार्मागोव्याकडे वळला. वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या गाड्या कमी झाल्या. पुढे एसटी आणि बसस्थानकाजवळचे लॉज आले. मुक्काम संपला, जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेला गाव काम शोधतेच. कुठे मराठी शाळेचे वर्ग भरले, कुठे तालीम, अंगणवाडी, रेशनचे दुकान, सोसायटीचे गोदाम, गणेशोत्सव मंडळाचे सामान. यात मला गैर काही दिसत नाही. याच वापरामुळे कित्येक छपरे टिकली. खरे नुकसान आवाराचे झाले. आधी रस्त्याकडेला गाळे निघाले, मग विहिरीवर स्लॅब पडला. सुवर्ण चतुष्कोण योजनेत महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेची झाडेही गेली.

कागदांचाही गुंता आहे. जुन्या सनदा मोडी लिपीत, नंतरचे दस्त मराठीत, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हळूहळू सगळा कारभार कानडीत. आजचा संगणकावरचा उतारा कानडीतच मिळतो. आजोबांनी काय दान दिले ते मोडीत, आणि आज जागा कुणाच्या नावावर आहे ते कानडीत. दोन्ही वाचणारा माणूस गावात सहसा एक नसतो. जीर्णोद्धाराला निघालेल्या पंचांनी आधी असे दोन जाणकार एका खाटेवर बसवावेत, मग गवंड्याला बोलवावे.

गवंडीही जुना हवा. चिरा आणि काळा दगड चुन्यात बसवलेले असतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल आतच कोंडते, मीठ फुलते, दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुना विरवून आठवडेच्या आठवडे मुरवावा लागतो. त्यात वाळू, गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून चुन्याच्या घाण्यात मळतात. काम संथ होते, पण भिंत श्वास घेते. त्यातही पहिला खर्च विहिरीचा गाळ काढण्यावर करावा. पाणी दिसले की गाव फिरून त्या आवारात येऊ लागते, आणि वर्गणीही मग लवकर जमते.

ज्या धर्मशाळा पुन्हा नांदत्या झाल्या, तिथे एकच वापर क्वचित दिसतो. लग्नसराईत मंगल कार्यालय, सकाळी मुलांची अभ्यासिका, संध्याकाळी भजन, यात्रेच्या दिवसांत मुक्काम. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांना ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला, तेव्हा गोकाक, रामदुर्ग, चिकोडी, रायबाग, अथणी भागांतली माणसे घरे सोडून शाळांत आणि मंगल कार्यालयांत राहिली. अशा निवाऱ्याला कर्नाटक सरकारचा शब्द आहे ‘काळजी केंद्र’. काळजी हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे ती पाटी कुणाला वाचून दाखवावी लागली नाही.