एक्सेलच्या एनपीव्हीत (पुढं येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढणाऱ्या सूत्रात) पहिला आकडा 'आजचा' नसतो बरं का

लातूरकडं डाळमिलचा प्रोजेक्ट रिपोर्ट करताना कितीतरी जण सांगतात की मशिनरीची रक्कमपण एनपीव्हीच्या कंसातच टाकायची, एक्सेल ती आजची धरतंय. नाही धरत! एक्सेल पहिला आकडासुद्धा एक वर्षानंतरचा समजून डिस्काउंट करतं, म्हणजे ठरलेल्या दरानं कमी करून आजच्या किमतीत आणतं. बघा, आज 10 लाख घातले, पुढं 3 वर्षं 5-5 लाख आले, दर 10 टक्के, सगळं कंसात टाकलं की 2,21,296 येतं, खरं उत्तर 2,43,426 आहे, म्हणजे 22 हजारांचा फरक अन् तोबी बँकेत द्यायच्या कागदावर! म्हणून फक्त पुढच्या वर्षांचे आकडे कंसात घ्या, आजची गुंतवणूक बाहेर वजा करा. तारखांवर चालणारं एक्सएनपीव्ही मात्र पहिली तारीख आजचीच धरतं, तिथं सगळं आत चालतं.