इम्युनिटी कमी नव्हती, तिचं टायमिंग चुकलं

२०२१ च्या मे-जूनमध्ये कोल्हापुरात मिसळीच्या पार्सलसाठी लाइनीत उभं राहिलं की कानावर काय पडायचं, तर "पावण्यांचा सीआरपी किती आला ओ?", "फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनचा स्कोअर बारा हाय म्हणे", "डी डायमर लई वाढलाय". बाकी राज्यात कोरोनाची दुसरी लाट उतरायला लागली होती तरी आपल्या जिल्ह्यात आकडे खाली यायचं नाव घेत नव्हते, त्यामुळं ज्यानं आयुष्यात रक्ताचा रिपोर्ट उघडून बघितला नव्हता तोसुद्धा त्या काळात अर्धा पॅथॉलॉजिस्ट झाला. आकडे सगळ्यांना पाठ, पण ते नेमके कशाचे हे फार कमी जणांना माहीत होतं. आणि माणूस गेला की शेवटी एकच वाक्य, "इम्युनिटी कमी पडली त्याची."

हे वाक्य मला तेव्हाही खटकायचं. कारण जो माणूस व्हेंटिलेटरवर होता त्याच्या अंगात इम्युनिटी झोपलेली नव्हती, उलट पेटलेली होती. गडबड वेळेची होती.

विषाणू आत कसा शिरतो हे आता सगळ्यांना माहिताय, त्याचा स्पाइक आपल्या पेशीवरच्या एसीई-टू नावाच्या रिसेप्टरला चिकटतो वगैरे. खरी गोष्ट त्यानंतरची. पेशीत विषाणू घुसला की पेशी पहिल्यांदा इंटरफेरॉन सोडते. हे प्रोटीन आजूबाजूच्या पेशींना सांगतं की दारं-खिडक्या लावून घ्या, विषाणूच्या कॉप्या निघू देऊ नका. ज्यांच्यात हे काम पहिल्या एक-दोन दिवसांत झालं त्यांचं प्रकरण बहुतेक करून नाका-घशातच मिटलं. पण कोरोनाचा विषाणू इथंच बेरकी आहे, त्याच्याकडं हा निरोप दाबून टाकणारी चार-पाच तरी प्रोटीन्स आहेत. मग होतं काय, विषाणू आत गुपचूप वाढत राहतो आणि माणूस म्हणतो थोडी कणकण हाय, बाकी काय नाही.

पंचगंगेचं बघा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. आता समजा ३९ चा इशारा कुणी दिलाच नाही आणि ४३ च्या वर गेल्यावर एकदम भोंगा वाजला, तर सगळ्या बोटी, सगळे जवान, सगळे ट्रॅक्टर एकाच गल्लीत घुसणार आणि निम्मं नुकसान त्या गर्दीनंच होणार. सिरियस कोविडमध्ये आठव्या-दहाव्या दिवशी फुफ्फुसात हेच व्हायचं.

फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या आणि रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ असतो, म्हणून तर ऑक्सिजन सहज पलीकडं जातो. त्या नाजूक जागेत मोनोसाइट, न्यूट्रोफिल अशा पांढऱ्या पेशींच्या झुंडी उतरतात, सायटोकाइन नावाचे निरोप सोडतात, ते निरोप ऐकून आणखी पेशी येतात, रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि पिशव्यांत पाणी भरतं. न्यूट्रोफिल तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, जंतू अडकावा म्हणून, पण त्या जाळ्यात प्लेटलेट अडकतात आणि बारीक बारीक गुठळ्या होतात. त्या गुठळ्या शरीर विरघळवतं तेव्हा जे तुकडे रक्तात येतात, तोच तुमचा डी डायमर.

सीआरपी म्हणजे कोरोना मोजायचं मीटर नाही. इंटरल्यूकिन-सिक्स या सायटोकाइनच्या सांगण्यावरून लिव्हर सीआरपी बनवतं, म्हणजे तो आकडा आग किती भडकलीय ते सांगतो. म्हणूनच टॉसिलिझुमॅबचं महागडं इंजेक्शन दिल्यावर सीआरपी झपकन पडायचा, कारण ते इंजेक्शन इंटरल्यूकिन-सिक्सचा रिसेप्टरच बंद करतं. आणि साध्या सीबीसीकडं, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्टकडं, कुणी नीट बघायचं नाही, पण समजा त्यात न्यूट्रोफिल ८८ टक्के आणि लिम्फोसाइट ७ टक्के असेल तर भागाकार साडेबाराच्या घरात जातो, निरोगी माणसात तो एक ते तीनच्या आसपास असतो. त्या एका भागाकारात सगळी कथा आहे, दांडगाई करणारे न्यूट्रोफिल वाढले आणि नेम धरून मारणाऱ्या टी सेल, म्हणजे लिम्फोसाइटमधलाच एक प्रकार, रक्तातून गायब.

एक मात्र सांगतो, सायटोकाइन स्टॉर्म, म्हणजे या निरोपांचं वादळ, हा शब्द टीव्हीवाल्यांनी जरा जास्तच वाजवला. कोविडच्या पेशंटमधलं इंटरल्यूकिन-सिक्स साध्या सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलेल्या, पेशंटपेक्षा सरासरी बरंच कमी भरलं. म्हणजे निरोप नुसते जास्त झाले एवढंच नव्हतं, चुकीच्या जागी आणि उशिरा झाले.

मग इंटरफेरॉन काही जणांतच का लटकलं? २०२० मध्ये सायन्स मासिकात आलेला एक अभ्यास मला अजून भारी वाटतो. जिवावर बेतलेल्या ९८७ पेशंटपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या, आणि सौम्य किंवा लक्षणं नसलेल्या ६६३ जणांत एकाच्याही नाही. त्या १०१ मधले ९५ पुरुष होते. पुढं कळलं की अशा अँटिबॉडी वयाच्या सत्तरीनंतर वाढतात. म्हणजे तालमीत घडलेला धट्टाकट्टा गडी का आडवा झाला आणि त्याची बारीक चणीची बायको घरातच कशी बरी झाली, याचं सगळं नाही पण थोडं उत्तर इथं आहे.

वेळेचा हिशोब औषधांनाही लागू पडला. डेक्सामेथासोन, काही रुपयांचं जुनं स्टेरॉइड, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला, असो की खाजगीत, औषध तेच. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलनं दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये त्यानं मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतात, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही त्यांना फायदा शून्य. कारण पहिल्या आठवड्यात लढाई विषाणूशी असते, तेव्हा स्वतःचंच सैन्य दाबून कसं चालेल? पण आपल्याकडं दुसऱ्या दिवशीच मेडिकलमधून गोळ्या आणून खाणारे कमी नव्हते, त्यात शुगर असली की मग म्युकरचं, म्हणजे काळ्या बुरशीचं, संकट.

रेमडेसिवीरचं उलटं. ते विषाणूची कॉपी काढायची मशीन अडवतं, त्यामुळं पहिल्या सात दिवसांत, जास्त धोका असलेल्या पण घरीच असलेल्या पेशंटना तीन दिवस दिलं तेव्हा ॲडमिट व्हायचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. आपण मात्र दहाव्या दिवशी, ऑक्सिजन उतरल्यावर, ब्लॅकनं पैसे मोजून त्याच्यामागं धावत होतो. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या, अँटिबॉडी असलेल्या प्लाझ्माचंही तसंच, आयसीएमआरनं ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर करून बघितलं, उपयोग दिसला नाही, आणि मे २०२१ मध्ये गाइडलाइनमधून काढून टाकलं. प्लाझ्मा द्यायची वेळ येईपर्यंत बऱ्याच पेशंटच्या अंगात स्वतःच्याच अँटिबॉडी तयार झालेल्या असतात, बाहेरून आणखी ओतून काय मिळणार?

काढ्याबद्दल काय बोलायचं, घशाला बरं वाटतं, प्या. पण इम्युनिटी ही टाकीतल्या पाण्यासारखी वरनं ओतून वाढत नाही. लसीनं जे केलं ते वेगळं, तिनं ओळख आधीच करून दिली. व्हेरियंट बदलला की अँटिबॉडी नाका-घशातलं इन्फेक्शन थांबवायला कमी पडतात, पण टी सेल स्पाइकचे बरेच वेगवेगळे तुकडे ओळखतात आणि लवकर कामाला लागतात, त्यामुळं २०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉननं घरोघरी सर्दी-ताप आला तरी स्कोअर विचारायची वेळ फार कमी जणांवर आली.

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांचं आणि रक्ताच्या कॅन्सरची औषधं चालू असलेल्यांचं गणित मात्र वेगळं. त्यांच्यात लसीनंतरही अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत, विषाणू काही वेळा कित्येक आठवडे अंगात राहतो, आणि पहिला आठवडा विषाणूचा, दुसरा इम्युनिटीचा हा हिशोब तिथं लागू पडत नाही. अशा माणसाला आजही साधा ताप आला तर टेस्ट पहिल्याच दिवशी करायची, चार दिवस वाट बघत बसायचं नाही.