विमा उतरवलेल्या टपाल पार्सलची भरपाई मिळत नसेल तर : लहान व्यावसायिकांसाठी माहिती

विमा उतरवून टपालाने पाठवलेला माल हरवला किंवा फुटला आणि भरपाईचा अर्ज महिनोन्महिने पडून राहिला, तर पुढे काय करावे, असे आमचे ग्राहक विचारतात. आमचा सल्ला असा, की न्यायालयात जाण्याआधी कायमस्वरूपी लोकअदालतीचा, म्हणजे टपालासारख्या सार्वजनिक सेवांचे वाद सोडवणाऱ्या यंत्रणेचा, विचार करावा.

1898 च्या कायद्याच्या जागी 18 जून 2024 पासून पोस्ट ऑफिस अधिनियम, 2023 लागू झाला असून त्याच्या कलम 10 नुसार टपाल खात्यावर नियमांनी ठरवून दिलेलीच जबाबदारी येते. त्यामुळे भरपाई फार तर विम्याच्या रकमेइतकी मिळते, हुकलेल्या ऑर्डरचा नफा मिळेल असे धरून चालू नये, आणि मालाची खरी किंमत दाखवणारे बिल बुकिंगच्या पावतीइतकेच जपावे. पार्सल फाटलेले दिसल्यास घेणाऱ्याने ते ताब्यात घेण्याआधी ओपन डिलिव्हरी, म्हणजे टपाल कर्मचाऱ्यासमोर पार्सल उघडून आतील मालाच्या स्थितीची नोंद, मागावी, कारण ती नोंद नसेल तर माल वाटेत फुटला हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मागावे. उत्तरच येत नसेल तर विभागाच्या डाक अधीक्षकांकडे तक्रार करावी आणि माहिती अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून चौकशी अहवालाची प्रत मागावी. पार्सल कोणत्या टप्प्यावर गहाळ झाले हे बहुधा त्यातूनच कळते. हा विमा कोणत्याही विमा कंपनीचा नसल्याने विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे जाण्यात वेळ घालवू नये.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 22-अ मध्ये टपाल सेवेचा उल्लेख सार्वजनिक उपयोगिता सेवा म्हणून स्पष्टपणे केलेला आहे. म्हणून वाद न्यायालयात नेण्याआधी कोणत्याही पक्षाला कायमस्वरूपी लोकअदालतीकडे अर्ज करता येतो, त्यासाठी न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि तडजोड झाली नाही तरी ती अदालत गुणवत्तेवर, म्हणजे दोन्ही बाजू तपासून, निर्णय देऊ शकते, जो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ही, की अर्जदार ‘ग्राहक’ आहे की नाही हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात याची चौकशी करावी.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र, सेवा व्यापारी हेतूने घेतली होती, म्हणून अर्जदार ‘ग्राहक’ ठरत नाही, हा आक्षेप हमखास येतो. हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले, की विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफा कमावण्यासाठी नव्हे, म्हणून तो घेणे हा सहसा व्यापारी हेतू ठरत नाही. तो निकाल विमा कंपनीविरुद्धचा असला तरी टपालाच्या विम्याबाबत त्याचा आधार घेता येईल, असे आम्हांस वाटते. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.

शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 नुसार सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. रक्कम लहान असेल तर हा खर्च सहसा परवडत नाही. कोणताही मार्ग निवडला तरी नुसता पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही, हे ध्यानात ठेवून कागदपत्रे वेळेत आमच्याकडे तपासून घ्यावीत.